करकोच्यांच्या कॅमेऱ्यातली हेल्युमावशी

रोज सकाळी शेळ्यांचं दूध काढून झालं, की हेल्युमावशी अंगणाच्या मधोमध उभी राहायची, डोक्याचा रुमाल सारखा करायची आणि विजेच्या जुन्या खांबाकडे बघून हातातलं फडकं हलवायची. खांबावर करकोच्यांचं घरटं होतं, पण फडकं करकोच्यांसाठी नव्हतं. घरट्याच्या वर एका दांड्यावर कॅमेरा बसवला होता, त्याच्यासाठी होतं.

कॅमेरा डॉक्टर काउपोचा. करकोच्याची मादी पिल्लांना किती बेडूक आणते आणि नर किती, हा त्याचा अभ्यास. पक्ष्यांना त्रास होऊ नये म्हणून तो शहरातल्या खुर्चीत बसून निरीक्षण करायचा. खुर्चीलाही फारसा त्रास होऊ द्यायचा नाही. बेडूक मोजायला त्यानं इंटरनेटवरून जगभरातली हौशी माणसं जमवली होती. चित्राच्या खालच्या कोपऱ्यात मावशीचं अंगण आणि तळ्याचा काठ यायचा. हौशी माणसं बेडूक विसरली आणि कोपरा बघू लागली. "आजी आज उशिरा उठल्या," कुणी जर्मनीतून कळवायचं. "निळा रुमाल. बहुतेक पाहुणे येणार," जपानमधून दुजोरा यायचा.

मावशीला यातलं काही ठाऊक नव्हतं. तिला एकच माणूस हवं होतं. लेक मेरिके नॉर्वेत, बेर्गेनला राहायची. वडील वारल्यावर ती म्हणाली होती, "आई, घर विकून टाक आणि माझ्याकडे ये." मावशी म्हणाली होती, "दूर जायचं ते करकोच्यांनी. निदान दरवर्षी परत तरी येतात." तेवढ्यावर बोलणं तुटलं. नाताळच्या कार्डावर मावशीनं शेजारच्या एंडेलकडून कॅमेऱ्याचा इंटरनेटवरचा पत्ता लिहवून घेतला आणि पाठवला. उत्तर आलं नाही. ती बघते की नाही, हे कळायला मार्ग नव्हता. मावशी फडकं हलवत राहिली.

"अगं, खांबाला हात करून काय मिळतं तुला?" एंडेल कुंपणावरून विचारायचा.

"तुझ्या बायकोला हात केल्यावर जे मिळतं तेच. ती तरी कुठं उत्तर देते!"

जूनमधल्या एका शनिवारी मावशीनं नेहमीसारखा सौना, म्हणजे वाफेनं न्हायची लाकडी खोली, तापवला. बर्चच्या पानांच्या जुडीनं अंग झोडपून घेतलं आणि लालबुंद होऊन, अंगावर एक सूतही न ठेवता, सावकाश चालत तळ्यात उतरली. चाळीस वर्षं ती असंच करत आली होती. उन्हाळ्यातली संध्याकाळ, उजेड लख्ख. सौनातून निघालेल्या माणसाकडे बघायचं नसतं, हे त्या गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक. मग एवढ्या शिकलेल्यांच्या कॅमेऱ्याला ठाऊक असणारच, असं तिनं धरलं होतं.

ती घरात शिरते न शिरते तोच फोन खणखणला.

"आई! काय चालवलंयस हे? आख्ख्या जगानं पाहिलं!"

मावशीच्या केसांतून पाणी ठिबकत होतं.

"तू पाहिलंस?"

"मी? मी तर... पिल्लं बघत होते."

"रोज बघतेस?"

मेरिके म्हणाली, "तो हिरवा रुमाल टाकून दे. अगदी विटलाय."

दोन दिवसांनी डॉक्टर काउपो स्वतः आला. आयुष्यात पहिल्यांदाच तो त्या घरट्याखाली उभा होता, आणि करकोच्यानं त्याच्या खांद्यावर त्याची नोंदही केली.

"मावशी, प्रेक्षक तिपटीनं वाढले हो," तो खांदा पुसत म्हणाला. देणगीदार खूश होते, पण बेडूक कुणीच मोजत नव्हतं. "शास्त्राचा प्रश्न आहे. कॅमेरा वीतभर फिरवावा लागेल. तुम्ही दिसणार नाही."

आठवड्यापूर्वी मावशीनं त्याला खराट्यानं हाकललं असतं. आता तिनं त्याच्यापुढे काळा पाव आणि दही ठेवलं.

"फिरव बाबा. माझं काम झालं."

कॅमेरा फिरला. जगभरातून निषेधाची पत्रं आली. आजी सुखरूप आहेत ना, अशी चौकशी झाली. पिल्लांची कुणी केली नाही. मेरिकेचाही फोन आला. "आई, तू दिसत नाहीस आता."

"मग येऊन बघ."

ऑगस्टअखेर करकोचे दक्षिणेला गेले, कॅमेरा बंद झाला. सप्टेंबरात मेरिके आली. पुढे दर महिन्याला येत राहिली. घर विकण्याचं नाव काढलं नाही.

हेल्युमावशी नोव्हेंबरात गेली, झोपेतच. आदल्या दिवशी शनिवार होता. मायलेकी सौनातून निघाल्या, तेव्हा तळ्याच्या कडेला बर्फाची पातळ साय धरली होती. मेरिके दारातच थबकली, खांबावरच्या बंद कॅमेऱ्याकडे बघत टॉवेल गुंडाळू लागली. मावशी केव्हाच पुढे गेली होती. काठावरून ती ओरडली, "अगं, चल की! बेडूकही झोपलेत आता."