बॅटरी मरेना

पडदे शिवणाऱ्या बाईंच्या नशिबात काळजी करणारा नवरा होता, आणि असल्या नवऱ्याविरुद्धची तक्रार ऐकून घेणारं माणूस अजून जन्माला यायचं आहे. पिणं नाही, ओरडणं नाही, हात उगारणं नाही. फक्त फोन. दुपारी जेवलीस का म्हणून फोन, जेवल्यावर काय जेवलीस म्हणून फोन, आणि निघायच्या वेळेला तर निघालीस का, बस मिळाली का, बसायला जागा मिळाली का, खिडकीची मिळाली का, इथपर्यंत चौकशी. एकदा बाईंनी मुलीपाशी हे काढून बघितलं. मुलगी म्हणाली, आई, तू नशीबवान आहेस, बाबा किती जपतात तुला. बाईंनी तिथेच कानाला खडा लावला.

गृहस्थ एका कारखान्यात स्टोअरकीपर होते. नट कुठल्या फळीवर, बेअरिंग कुठल्या खणात, कोण काय घेऊन गेलं आणि परत आणलं की नाही, हे त्यांना झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता यायचं. मग ते निवृत्त झाले. इतक्या वस्तू सांभाळलेल्या माणसाला सांभाळायला एकच वस्तू उरली, आणि ती रोज सकाळी डबा घेऊन पडद्यांच्या दुकानात जायची. त्यांचा जीव वरखाली होणारच.

बाईंकडे स्मार्टफोन होता तो मुलीचा जुना. मागचं झाकण नखाने उघडायचं, आत पाटीसारखी चपटी बॅटरी. ती मूळची बॅटरी वयोमानाने थकत गेली आणि एके दिवशी, बाई एका लांबलचक पडद्याची खालची पट्टी दुमडत असताना तिने मान टाकली. चार वाजता बाई दुकानातून निघाल्या तेव्हा कुणी काही विचारलं नाही. बसमध्येही कुणी काही विचारलं नाही. ती शांतता इतकी नवी होती की त्या एक थांबा आधीच उतरल्या. का उतरल्या ते त्यांनाही सांगता आलं नसतं.

तिथे पोहण्याचा तलाव होता आणि बायकांची वेळ चालू होती. त्यांच्याच वयाच्या, त्यांच्यासारख्याच अंगाने सुटलेल्या पाच-सहा बायका काठाची दांडी धरून पाय झाडत होत्या आणि खिदळत होत्या. बाई कठड्याला हात लावून बघत राहिल्या. पुढच्या आठवड्यात त्याही दांडी धरून पाय झाडत होत्या. घरी विचारणा झाली, फोन का लागत नव्हता? बाईंनी खरं तेच सांगितलं, बॅटरी संपली. स्टोअरकीपर बॅटरीला बोलले, उशिराबद्दल बसला बोलले, बाईंना नाही. दुसऱ्या दिवशीही ती चारच्या आत संपली, तिसऱ्या दिवशीही. सुंठीवाचून खोकला गेला म्हणतात तो असा.

तिथली शिकवणारी मुलगी सारखी म्हणायची, मान सोडा हो, मान का धरून ठेवताय? बाईंना मान सोडायला फार दिवस लागले. जेव्हा सुटली तेव्हा त्या पाण्यावर उताण्या पडून राहिल्या, आणि इतकं बरं त्यांना लग्नानंतर कधी वाटल्याचं आठवत नव्हतं. नवऱ्याला का सांगितलं नाही? सांगितलं असतं तर ते नको म्हणाले नसते, तीच तर पंचाईत. ते बरोबर आले असते. पंचा घेऊन कठड्याबाहेर उभे राहिले असते, पाणी किती खोल आहे ते शिकवणारीला विचारलं असतं, आणि अगं, तिकडे जाऊ नकोस, असं सगळ्यांसमोर ओरडले असते. जगात एवढी एकच जागा होती जिथे बाईंना कुणी अगं म्हणत नव्हतं.

आणि मग एका संध्याकाळी स्टोअरकीपर नवी बॅटरी घेऊन आले. साधीसुधी नाही, मूळच्यापेक्षा जवळजवळ दुप्पट ताकदीची. निदान तिच्यावर तसं छापलं होतं. पण छापलेल्यावर विश्वास ठेवील तो स्टोअरकीपर कसला? नवा माल जुन्याशी ताडून बघितल्याशिवाय त्यांनी आयुष्यात कधी फळीवर ठेवला नव्हता. त्यांनी टेबलावर वर्तमानपत्र पसरलं, दोन्ही बॅटऱ्या शेजारी शेजारी मांडल्या आणि पट्टीने मापल्या. लांबी-रुंदी तीच, पण नवी जरा जाड. त्यामुळे झाकण बसेना. त्याला त्यांनी रबरबँड लावलं.

बाईंच्या सुट्टीच्या दिवशी फोन त्यांच्या ताब्यात गेला. जुनी बॅटरी पूर्ण भरून त्यांनी माशांच्या टाकीचा एक न संपणारा व्हिडिओ लावून ठेवला आणि समोर खुर्ची टाकून बसले. दुपारच्या जेवणाआधीच मासे गेले. पुढच्या सुट्टीला नवी बॅटरी, तेच मासे, तीच खुर्ची. बाई स्वयंपाकघरात होत्या आणि बाहेरून थोड्या थोड्या वेळाने आवाज येत होता, अजून सत्तर आहे, अगं, अजून साठ आहे. दिवेलागणीला मासे पोहतच होते. निवृत्तीनंतर बाईंनी नवऱ्याला इतकं खुशीत पाहिलं नव्हतं.

"जुनीत काही दम उरला नव्हता," ते म्हणाले. "आता तू घरी येशील तेव्हाही निम्मी शिल्लक असेल. आता तू कधीच हरवायची नाहीस."

बाई छान झालं म्हणाल्या आणि चहा टाकायला आत गेल्या. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणजे काय, ते त्यांना गॅसपुढे उभं राहून कळलं.

दुसऱ्या दिवशी तलावाच्या दारातच फोन वाजला. बाई म्हणाल्या, बसमध्ये आहे. तेवढ्यात आतून शिट्टी झाली. बसमध्ये कसली शिट्टी, नवऱ्याने विचारलं. बाईंनी काहीतरी सांगितलं आणि पोहायचे कपडे पिशवीत तसेच घेऊन त्या घरी गेल्या. चोराच्या मनात चांदणं, रात्रभर त्यांना वाटत राहिलं की यांना कळलंय.

मग त्यांनी बॅटरीला मारायचं ठरवलं. जेवणाच्या सुट्टीनंतर फोनचा उजेड पूर्ण वाढवला, टॉर्च लावला, तेच मासे चालू केले आणि फोन कापडाच्या गठ्ठ्यात खुपसला. थोड्या वेळाने मालकीण येऊन म्हणाली, बाई, पडद्यांच्या आत दिवा कसला लावलाय? सगळं दुकान हसलं. चार वाजता फोन तव्यासारखा तापला होता आणि बॅटरी अजून चाळीस टक्के शिल्लक होती. त्याच गठ्ठ्यातून तो वाजायला लागला.

शिकवणाऱ्या मुलीने त्यांना रस्त्यात गाठून विचारलं, येत का नाही? या आठवड्यात खोल बाजूला न्यायचंय. आला नाहीत तर तुमची जागा दुसरीला द्यावी लागेल, बाहेर रांग लागलीय. बाईंनी फोनचं सांगितलं. मुलगी म्हणाली, मग बंद करा की, त्यात काय? त्यात काय ते बाईंना तिला समजावता येईना. बॅटरी मरायची ते बॅटरी करत होती. बटण दाबलं तर ते आपण केलं. इतक्या वर्षांच्या संसारात त्यांनी नवऱ्याच्या तोंडावर दार कधी लावलं नव्हतं.

जुनी बॅटरी अर्थातच फेकलेली नव्हती. खणात, कागदी पाकिटात, वर स्वच्छ अक्षरात 'जुनी, चालू' असं लिहून ठेवली होती. बाईंनी ती रुमालात गुंडाळून दुकानात नेली. चार वाजायच्या सुमाराला त्या मागच्या खोलीत कापडाच्या ताग्यांआड गेल्या, रबरबँड काढलं, झाकण उघडलं, आणि एका हातावर नवी, एका हातावर जुनी अशा दोन बॅटऱ्या घेऊन उभ्या राहिल्या.

नवी गुळगुळीत होती. जुनीचं पोट थोडं फुगलं होतं आणि वरची अक्षरं पुसली होती. बाईंना तिची कीव आली. बिचारी आपल्या मरणाने मरत होती तोवर ठीक होतं. आता तिला रोज मरायला आणायचं. रोज इथे यायचं, ही काढायची, ती घालायची, घराच्या वळणावर पुन्हा ती काढायची, ही घालायची. कुठवर? म्हातारपणी या ताग्यांआड उभं राहून आपण रबरबँड शोधतो आहोत, असं त्यांना दिसलं आणि स्वतःचीच शिसारी आली. त्यांनी नवी बॅटरी बसवली. फोन चालू झाला आणि लागलीच वाजला.

"अगं, लागत नव्हता. बॅटरी संपली की काय?"

"नाही, बॅटरी भरपूर आहे," बाई म्हणाल्या. "मी पोहायला चालले आहे. बरेच दिवस जातेय. तिथे फोन बंद ठेवणार आहे. सातपर्यंत घरी येते."

बाईंनी मनात उत्तरं तयार ठेवली होती. चिडले तर काय म्हणायचं, बुडशील म्हणाले तर काय म्हणायचं, मीही येतो म्हणाले तर काय. त्यातलं एकही कामाला आलं नाही.

"मग तोवर मी काय करू?" स्टोअरकीपरांनी विचारलं.

त्यांनी रागाने विचारलं नव्हतं, टोमणाही नव्हता. त्यांना खरोखरच माहीत नव्हतं. साखर कुठे आहे, चष्मा कुठे आहे, उद्या वार कोणता आहे, या माणसाच्या प्रत्येक प्रश्नाला बाई आजवर काम न थांबवता उत्तर देत आल्या होत्या. हा प्रश्न मात्र पहिल्यांदाच आला होता. दोरीचं एक टोक आपल्या गळ्यात आणि दुसरं यांच्या हातात, असंच त्या धरून चालल्या होत्या. दुसरं टोक यांच्याही गळ्यातच होतं.

"बघा काहीतरी," त्या म्हणाल्या, आणि फोन ठेवून त्यांनी बटण दाबून धरलं.

फोन असा एकदम बंद होत नाही. खरंच बंद करायचा का, असं आधी विचारतो. बाईंनी ती अक्षरं दोनदा वाचली. मग त्यांनी हो केलं आणि पिशवी उचलून निघाल्या. तलावापर्यंत त्यांचे पाय मागे वळले नाहीत.