मोबाईलला न कळलेला आवाज

माझी थोरली बहीण राजारामपुरीत मुलींचे इंग्रजीचे क्लास घ्यायची. सगळी गल्ली तिला अक्का म्हणायची. नव्वदच्या दशकात आमच्याकडं कुणाला इंग्रजी शब्द अडला, तर तो डिक्शनरी शोधत बसत नसे, खालनं हाक मारायचा. अक्का गॅलरीतनं अर्थ सांगायची. शिरोलीच्या फौंड्रीत कामाला असलेले आमचे शेजारी एकदा कागद हातात घेऊन उभे होते. "अक्का, 'रिलीव्ह' म्हंजे काय वो? कंपनीनं लिवलंय." अक्कानं गॅलरीतनं अर्थ सांगितला नाही. ती खाली उतरली, त्यांना बाजूला घेऊन कामावरनं कमी केल्याचं हळू आवाजात बोलली.

पुढं तिच्या घशात गाठ निघाली. डॉक्टरांनी स्वरयंत्र काढलं. अक्का वाचली, आवाज गेला. ती गॅलरीत यायची बंद झाली.

क्लास सोडू नको म्हणून मीच मागं लागले. तोवर दोन हजार दहा साल उलटून गेलं होतं. शब्द बोलला की अर्थ दाखवणारी, उच्चार ऐकवणारी डिक्शनरी माझ्या नव्या मोबाईलवर होती. तो मी तिच्या टेबलावर ठेवला.

सुरुवातीला मुली त्याच्याशी माणसासारखं बोलायच्या. "'पेशन्स' म्हंजे काय, सांग की गं." मोबाईलला काही कळायचं नाही. हळूहळू त्या शिकल्या. एकच शब्द, सपाट, तोडून म्हणायचा, अर्थ उतरवायचा, पुढचा शब्द. अक्कानं मला पाटीवर लिहून दाखवलं, "पोरी आता विचारत नाहीत. नुसतं मागतात."

त्याच सुमारास ती दवाखान्यात अन्ननलिकेतनं बोलायला शिकत होती. हवा गिळून बाहेर सोडायची. घोगरा, तुटका आवाज निघायचा. घरी ती दार लावून सराव करायची.

एकदा क्लासमध्ये 'थरो' हा शब्द काही केल्या मोबाईलला समजेना. अक्कानं मोबाईल हातात घेतला आणि मुलींसमोर पहिल्यांदाच ती स्वतः तो शब्द म्हणाली. मोबाईलनं भलताच शब्द दाखवला. ती पुन्हा म्हणाली, पुन्हा तेच. तिची मान खाली गेली.

पुढच्या बाकावरची मुलगी म्हणाली, "मॅडम, 'थरो' म्हणालासा न्हवं? आमाला कळलं की."

अक्कानं मोबाईल टेबलावर ठेवला. मग थांबत थांबत, दम घेत, तिनं अर्थ सांगितला, "नीट. पुरतं. काही न सोडता."

त्यानंतर काही वर्षं तिनं क्लास घेतला. पालक भेटायला आले की त्यांना तिचं बोलणं उमगत नसे. मग मुलीच मध्ये बसून समजावून सांगायच्या.