एक लाख तीन वाती

आमच्या सासूबाईंनी लाख वाती वळण्याचा नेम धरला होता. अकोल्यात कापसाला काय तोटा! दुपारची झाकपाक उरकली की त्या, मोठ्या जाऊबाई आणि मी ओसरीवर बसायचो आणि शंभर-शंभराच्या जुड्या बांधायचो. लाख पुरे झाले की मोजण्यातल्या चुकभुलीसाठी प्रत्येकीने वर एकेक वात टाकायची, ही सासूबाईंच्या माहेरची रीत. म्हणून आमच्या वाती झाल्या एक लाख तीन.

त्याच सुमारास नागपूरहून हुकूम आला आणि आमच्या यजमानांची बदली अमरावतीच्या कचेरीत झाली. दोघा भावांनी भांडण न करता वाटणी केली. शेत, बैल, भांडी, सगळं ठरलं. सासूबाईंनी कोणाकडे राहायचं, हे मात्र कोणी बोलेना. मला त्याचा राग येई, पण धाकट्या सुनेनं आधी तोंड उघडायचं नसतं.

जाऊबाई म्हणाल्या, "वाती बी अर्ध्या अर्ध्या करू. दोनी घरी जळतीन."

अर्ध्या केल्या तर एक उरली.

"मंग तीन हिस्से करा, एक देवळाले."

तीन केले तरी एक उरत होती. घरात मुलांसकट आम्ही सात माणसं. सातानं भागलं, तरी पुन्हा एकच.

माझे वडील शाळामास्तर, गणिताची खोड त्यांनीच लावलेली. मी पाटी घेऊन बसले आणि एकेका मूळ संख्येनं भागत गेले. पाच, अकरा, तेरा... पूर्ण भाग कशानेच जाईना. तीनशे तेराला थांबले. पुढे बघायचं कारण नव्हतं; मोठ्या संख्येनं भाग गेला असता, तर तिच्या जोडीची लहान संख्या मला आधीच सापडली असती. एवढी थोरली संख्या, आणि तीही मूळ! मला इतका आनंद झाला की खडूच्या हातांनीच सासूबाईंकडे धावले. त्या आपले कपडे गाठोड्यात बांधत होत्या.

"आत्याबाई, ह्या वातीचे सारखे वाटे होतच नाही!"

"मले काय सांगतं व माय," त्या शांतपणे म्हणाल्या. "दोन घरं करा का तीन करा, एक उरतेच. मी बी उरलीच ना."

माझं गणित तिथेच थंड झालं. रात्रभर फार वाईट वाटत राहिलं.

निघायच्या दिवशी जुड्या दोन टोपल्यांत भरल्या. आमचं सामान दमणीत चढलं, बैल जुंपले. सासूबाईंचं गाठोडं उंबऱ्याशी तसंच होतं, आणि ती उरलेली वात त्यांच्या हातात. मी वात घेतली, आमच्या टोपलीत टाकली आणि गाठोडं उचललं. यजमान बघतच राहिले.

"आमचा वाटा एकानं जास्त झाला," मी जाऊबाईंना म्हटलं. "चालते ना?"

जाऊबाईंनी डोळ्यांना पदर लावला आणि मान हलवली. दमणीत चढताना सासूबाईंनी माझा हात धरला, तो स्टेशन येईपर्यंत सोडला नाही.