उन्हेऱ्याचे आठ दिवस

आगपेटीची काडी ओढली की गंधकाच्या त्या वासासरशी मी पालीजवळच्या उन्हेऱ्याच्या गरम कुंडावर पोचते. सन बत्तीस असेल, मी आठ वर्षांची. आईचे गुडघे धरले म्हणून वडिलांनी आम्हा दोघींना चौलहून बैलगाडीने आठ दिवसांसाठी तिथे धाडलं होतं.

आई बायकांच्या कुंडात डोळे मिटून गळाभर पाण्यात बसायची. तिला अशी नुसती बसलेली मी कधी पाहिली नव्हती. तिसऱ्या दिवशी तर ती माझ्याशी लंगडी खेळली.

"आई, तुझे गुडघे?"

"इथं नाही गं दुखत," ती हसली.

घरी पोचताच मी वडिलांना ओरडून सांगितलं, "दादा, आईचे गुडघे बरे झाले!"

"चला, म्हणजे पुन्हा जायला नको," वडील म्हणाले.

मला वाटलं, केवढी आनंदाची बातमी दिली मी! आईने पदर खोचला आणि ती विहिरीवर पाणी शेंदायला गेली.