दोन आखूड दांडे

आमच्या दवाखान्याची जीप लढाईतून आलेली होती. स्टिअरिंग डाव्या बाजूला, दारं नाहीत, आणि ड्रायव्हरच्या उजव्या हाताशी खालून वर आलेले तीन दांडे. लांब दांडा गिअरचा, एवढं मला कळायचं. शेजारचे दोन आखूड दांडे कशाला, हे मी आलापल्लीला नर्स म्हणून रुजू झाले त्या पहिल्याच आठवड्यात विचारलं.

ड्रायव्हर पन्नाशीचे होते, सावली गावाकडच्या धानकऱ्याच्या घरचे. सगळे त्यांना भाऊ म्हणायचे. त्यांनी गाडी थांबवली आणि मला चक्क गाडीखाली वाकायला लावलं. गिअरपेटीच्या मागे आणखी एक लोखंडी पेटी होती. तिच्यातून एक शाफ्ट मागच्या चाकांकडे गेला होता, एक पुढच्या.

"इंजिनाचा जोर या पेटीत येते," भाऊ म्हणाले. "एरवी तो मागच्याच चाकाइले जाते, पुढची नुसती सोबत चालतात. चिखल आला, रेती आली, की हा दांडा टाकाचा. मंग पुढच्या जोडीच्याही मानेवर जू."

"आणि दुसरा?"

"तो जोराचा. चाल कमी, ताकद जास्त. पण पुढची जोडी जुंपल्याबिगर तो पडत नाई."

"मग चारही चाकं कायमची जुंपून का ठेवत नाही?"

हा प्रश्न त्यांना फार आवडला. काडीने त्यांनी धुळीत दोन वळणं काढली, एक मोठं, एक लहान. वळताना पुढची चाकं मोठा घेर घेतात, मागची लहान. पेटी मात्र दोघांनाही सारखंच फिरवते. "चिखलात चाक जरासं घसरते अन् भांडण मिटते. पक्क्या रस्त्यावर घसराले जागाच नाई. मंग पीळ बसते पेटीत."

मी मान डोलावली. कळलं होतं निम्मंच.

त्या वर्षी दिवाळीच्या आधी आम्ही दोघं जंगलातल्या एका गावी देवीची लस टोचायला गेलो. दुपारपर्यंत काम आटोपलं. जीपची बॅटरी मेल्यासारखीच होती, म्हणून भाऊंनी पुढून हँडल मारलं. दुसऱ्या फेऱ्याला इंजिनाने उलटा झटका दिला आणि हँडल त्यांच्या मनगटावर बसलं. ते मटकन खाली बसले. मी हात पाहिला. उजवं मनगट मोडलं होतं.

एका म्हाताऱ्याने बांबूच्या कामट्या तासून आणल्या. त्याच्या सुनेने आपल्या जुन्या लुगड्याच्या पट्ट्या फाडून दिल्या. मी हात बांधला, गळ्यात अडकवला आणि विचारलं, "आता जायचं कसं?"

"पाय दोन्ही शाबूत आहेत माह्ये," भाऊ म्हणाले, "अन् डावा हातही. दांडे तेवढे तुम्ही टाका, बाई."

"मला नाही येणार, भाऊ."

"एवढ्या लेकरायले सुया टोचल्या, अन् दांड्याले भेता काऊन?"

चार गडी मागून ढकलायला लागले. उतारावर भाऊंनी क्लच सोडला, इंजिन धडधडलं आणि आम्ही निघालो. ते क्लच दाबून "आता" म्हणायचे, मी डाव्या हाताने दांडा टाकायची. पहिले दोन-तीन गिअर असे करकरले की रस्त्याकडेची माकडं पळाली. भाऊंनी क्षणभर डोळे मिटले आणि पुन्हा क्लच दाबला.

मग नाला आला. पाणी गुडघाभर, तळाशी रेती, आणि पलीकडची दरड उभी. काठावर भाऊंनी गाडी थांबवली. पुढच्या चाकांचा दांडा पटकन पडला. जोराचा मी दोन्ही हातांनी दाबला. भाऊंनी क्लच सोडला, इंजिन गरजलं, जीप तिथेच.

"मधातच राह्यला, बाई. पुरा टाका."

मी पुरा टाकला. जीप गाभण म्हशीसारखी हळूहळू पाण्यात उतरली. इंजिन बंद पडलं असतं तर तिथे ढकलायला कोणी नव्हतं. दरडीवर एक चाक नुसतंच फिरायला लागलं, रेती उडाली, मग बाकीच्यांनी जमीन धरली आणि आम्ही वर आलो.

"वा!" भाऊ म्हणाले. घामाने त्यांचा सदरा भिजला होता. तो दुखण्याचा घाम होता, मला कळत होतं.

जोराचा दांडा मी लगेच काढला. पुढचा विसरले. डांबराच्या पक्क्या रस्त्याला लागलो, तशी दर वळणावर भाऊंना एका हाताने स्टिअरिंग फिरवणं जड जायला लागलं. दोनेक मैलांनी त्यांचं दांड्याकडे लक्ष गेलं. "पुढची जोडी सोडली नाई का, बाई?"

मी ओढला. दांडा हलेना. पाय रोवून ओढला, तरी हलेना.

"पीळ बसला. मागचा गिअर टाका."

दहा पावलं आम्ही उलटे गेलो. मी पुन्हा हात लावला आणि दांडा खट् करून सुटला. धुळीतली ती दोन वळणं मला तेव्हा कळली, थेट तळहातात.

दवाखान्यात घातलेलं प्लास्टर दीड महिना राहिलं. दुसरा ड्रायव्हर काही आला नाही, म्हणून गावोगाव आम्ही तशीच जीप चालवली. पुढे पुढे त्यांना "आता" म्हणावंही लागेना. पाय क्लचवर गेला की माझा हात दांड्यावर.

एकदा सावलीहून त्यांची बायको भेटायला आली. बरोबर नव्या धानाचे पोहे आणि गुळाचा डबा. डबा माझ्या हातात देऊन तिने मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"दांडेवाल्या बाई तुम्हीच का?"

"हो, मीच."

"मले कधी गाडीले बोट लावू देल्लं नाई यांनी," ती म्हणाली. "लग्नाले तीस वर्सं झाली."

भाऊ प्लास्टरवरची धूळ झटकत राहिले. मग गाडीत चढले, शेजारच्या जागेवर फडका मारला आणि बायकोला म्हणाले, "ये, बस. पहिला गिअर तू टाक."