सुमनताईंची शिट्टी

डिसेंबरात पहाटे साडेपाचला आमच्या गल्लीत अजून काळोख असतो. दवाखान्यात स्वयंपाकाला जाणाऱ्या सुमनताई तेव्हा माझ्या फाटकाशी थांबून एकदाच शिट्टी वाजवतात. लाल प्लास्टिकची, मफलरच्या टोकाला बांधलेली. रोज झोपमोड होते म्हणून मी एकदा चिडून विचारलं, तर म्हणाल्या, "थंडीनं ओठ बधिर होतात हो. ऐनवेळी वाजली नाही तर? म्हणून वाजवून बघते."

अंधारात एकटीनं जाण्याच्या भीतीबद्दल एक अक्षर नाही. भाजीतलं मीठ बघावं, तितक्या सहज ही बाई रोज आपली शिट्टी बघते.

काल शिट्टी वाजलीच नाही. मी अनवाणी, गार फरशीवरून फाटकापर्यंत धावले. सुमनताई उशिरा, लगबगीनं येत होत्या. मला बघून थबकल्या.

"म्हणजे न वाजताही ऐकू जाते तर," म्हणाल्या.