साप आरोपी नसतो

दारूचे छापे कोणी लक्षात ठेवत नाही. पोलीस खात्यात ते रोजच्या भाकरीसारखे असतात. पण बुलढाणा जिल्ह्यातल्या एका छाप्याचा दिवस मला अजून तासातासानं आठवतो. कागदावर ती दारूबंदी कायद्याची किरकोळ केस होती. प्रत्यक्षात त्या दिवशी मी जे पाहिलं, ते त्याआधी कधी पाहिलं नव्हतं आणि निवृत्तीपर्यंत पुन्हा दिसलं नाही.

तेव्हा मी मेहकर भागातल्या एका ठाण्याचा ठाणेदार होतो. मी वाशीमकडचा, त्यामुळे बोली माझीच. नोकरीची पहिली नेमणूकही मला फौजदार म्हणून याच ठाण्यात मिळाली होती. बारा-तेरा वर्षांनी तिथंच परतलो, म्हणून मला वाटायचं की इथलं पान हललं तरी आपल्याला कळतं. पोलिसाला असं वाटायला लागलं की समजावं, आता कोणीतरी त्याचे कान धरणार.

मेहकरच्या बसस्थानकाजवळ चहाची टपरी चालवणारा आमचा एक जुना खबऱ्या होता. एका सकाळी तो माझ्यासमोर चहा ठेवत म्हणाला, "सायेब, एक बाई हाय. जानेफळच्या बाजारात भाजी इकते. दर महिन्याले दोन कॅन पयल्या धारेची घेऊन जाऊन राह्यली."

"विकत असंल."

"थेच तं. गिऱ्हाईक दिसत नाही. घरात पिणारा बाप्या नाही. मंग थे दारू जाते कुठं?"

पहिल्या धारेची म्हणजे भट्टीतून आधी उतरते ती, सगळ्यात कडक. मोठ्या गुत्त्याचा धागा हाती लागला असं मला वाटलं. खबर स्टेशन डायरीला घेतली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी जमादार, एक महिला शिपाई आणि दोन पंच घेऊन निघालो.

बाईंचा मळा गावाबाहेर होता. वांगी, मिरची, भेंडी, पाण्याची पाळी नुकतीच दिलेली. पन्नाशीच्या, उन्हानं रापलेल्या त्या बाई वाफ्यात खुरपत होत्या. झडतीचं कारण सांगितलं. त्यांनी खुरपं ठेवलं, हात धुतले आणि टिनाच्या खोलीची किल्ली न मागता पुढे केली. माझा अनुभव असा, की जो मुकाट्यानं किल्ली देतो तो एक तर निर्दोष असतो नाहीतर अट्टल. मी त्यांना अट्टल धरलं.

दार उघडलं आणि एक पंच जो पळाला तो थेट डांबरी रस्त्यावर जाऊन थांबला. दुसरा पळाला नाही, कारण त्याचे पायच उचलत नव्हते.

तिन्ही भिंतींना फळ्या होत्या. फळ्यांवर लोणच्याच्या काचेच्या बरण्या, एकीला लागून एक. प्रत्येक बरणीत दारू आणि दारूत वेटोळं घातलेला साप. नाग होते, घोणस होत्या, मण्यार होते, बोटाएवढी फुरशी होती. प्रत्येक बरणीला एक चिठ्ठी खळीनं चिकटवलेली. खोलीत दारूचा भपकारा होता, पण बाकी ती एखाद्या देवघरासारखी स्वच्छ होती.

जमादार माझ्या कानाशी म्हणाला, "सायेब, जादूटोणा हाय हा." मला वाटत होतं विषाची तस्करी. दोघंही साफ चुकलो होतो.

बाईंना आणि बरण्यांना ठाण्यात आणलं. चौकशीच्या माझ्या काही जुन्या रीती होत्या. आधी चहा द्यायचा. मग बराच वेळ काहीच विचारायचं नाही, माणूस शांततेला घाबरून बोलायला लागतो. मग आपल्याला सगळं माहीत आहे असं दाखवायचं. बाईंनी चहा घेतला नाही आणि शांततेला त्या घाबरल्या नाहीत. दारू कोणाकडून घेता? उत्तर नाही. साप कोण आणून देतं? उत्तर नाही. माल कोणाला विकता? त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की प्रश्न विचारल्याची मलाच लाज वाटावी.

दुपारपर्यंत त्या एकच वाक्य बोलल्या. "बरण्या उन्हात तं नाही ठेवल्या?"

शेवटी मी कायदा काढला. "मावशी, मेलेला असला तरी साप वन्यप्राणी आहे. उद्या वनखात्याचे लोक येतील. ते हा सगळा माल ताब्यात घेतील आणि जाळून टाकतील."

"जाळतीन?" बाई ताडकन उभ्या राहिल्या. "अजून किती जाळसान तुमी?"

एवढं म्हणून त्या खाली बसल्या आणि पदर तोंडाला लावला. मी काही समजलो नाही. 'अजून' हा शब्द मात्र माझ्या डोक्यात खिळ्यासारखा बसला. सूर्यास्तानंतर बाईमाणसाला ठाण्यात ठेवता येत नाही, म्हणून दिवस असतानाच महिला शिपायाबरोबर त्यांना घरी पोचवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मुद्देमालाची यादी करायला बसलो. मी चिठ्ठी वाचायची आणि लेखनिकानं लिहायचं. तिसऱ्याच बरणीवर मी अडखळलो. चिठ्ठीवरचं नाव ओळखीचं होतं. त्याच वर्षी सर्पदंशानं गेलेल्या एका सालगड्याचा मर्ग मीच केला होता. मर्ग म्हणजे अकस्मात मृत्यूची पोलीस चौकशी. बाईंच्या चिठ्ठीत सातवी शिकलेल्या अक्षरात लिहिलं होतं:

"भेंडी तोडताना. डावा पाय, करंगळी. सकाळी. घोणस. दवाखान्यात जायले दीड तास. सुया बारा. पाय मांडीपर्यंत सुजला. हिरडीतून रक्त. पापणी नाही पडली. लघवी बंद झाली. तिसऱ्या दिवशी गेला."

मी त्या मर्गाची फाइल मागवली. मी स्वतः सही केलेल्या त्या अहवालात मृत्यूच्या कारणापुढे लिहिलं होतं: सर्पदंश. घातपाताचा संशय नाही. मर्ग बंद.

चूक म्हणावी तर चूक नव्हती. पोलिसाला एवढंच पाहायचं असतं की माणसाला कोणी मारलं नाही ना. घरच्यांना विम्याच्या अर्जासाठी 'सर्पदंश' एवढा शब्द पुरतो. कोणता साप हे कोणी विचारत नाही, कारण साप आरोपी नसतो. पण दोन कागद शेजारी शेजारी ठेवले तेव्हा तपास कोणी केला होता हे आंधळ्यालाही दिसलं असतं. मी एकेक चिठ्ठी वाचत गेलो. मेलेले होते, तसे वाचलेलेही होते. विषावरच्या किती सुया लागल्या, कोणाला सुई लागूनही उपयोग झाला नाही, कोण दवाखान्यात पोचायच्या आतच गेलं. त्या मुद्देमाल खोलीत मी आणि लेखनिक नकळत हळू आवाजात बोलायला लागलो होतो. आमचा लेखनिक मोठा तोंडाळ माणूस, पण त्या दिवशी त्यानं चिठ्ठ्यांना हात लावण्याआधी शर्टाला हात पुसले.

सगळ्यांत जुनी बरणी शेवटी आली. ती रिकामी होती. चिठ्ठीवर एका मुलीचं नाव, वय सोळा, 'सुया वीस' आणि तारीख. 'कोणता साप' याच्यापुढे काही नव्हतं. आडनाव बाईंचंच होतं.

ती तारीख मी दोनदा वाचली. मी या ठाण्यात फौजदार होतो त्या वर्षाची होती ती. जुन्या फायलींचे बस्ते सोडले. लाल कापडात बांधलेला तो मर्ग सापडला. पंचनामा माझ्या अक्षरात होता. शेवटची ओळ अशी होती: "सदर साप ग्रामस्थांनी मारलेला असून पंचांसमक्ष जाळून नष्ट केला."

आपल्याकडे मारलेला साप जाळतात. त्याच्या डोळ्यात मारणाऱ्याचं चित्र राहतं आणि जोडीदार सूड घ्यायला येतो असा समज आहे. त्या दिवशी लोक जाळू की पुरू विचारत होते, तेव्हा मीच म्हणालो होतो की जाळा आणि मोकळे व्हा. मला दुसऱ्या एका पंचनाम्याला जायचं होतं. आरोपीचा चेहरा पोलीस वीस वर्षं विसरत नाही. मेलेल्या मुलीच्या आईचा मात्र मी विसरून गेलो होतो.

मी गाडी काढली आणि ती फाइल घेऊन एकटाच मळ्यावर गेलो. बाई मिरच्या तोडत होत्या. मी म्हटलं, "मावशी, तो साप मीच जाळायले लावला होता."

"मले माहीत हाय," त्या म्हणाल्या. "काल तुमी दारात उभे राह्यले तवाच वळखलं. म्हणून बोलली नाही. ज्यानं एक जाळला त्याले बाकीच्याईचं काऊन सांगू?"

मग त्या बोलल्या. मुलीला वेळेत दवाखान्यात नेलं होतं, वीस सुया दिल्या होत्या, तरी ती गेली. तिथल्या तरुण डॉक्टरांनी साप पाहायला मागितला तर तो राख झाला होता. डॉक्टर हताश होऊन म्हणाले होते, की सापाच्या विषावरची लस दूरच्या मुलखातल्या सापांच्या विषापासून बनते. आपल्या भागातल्या सापाला ती किती लागू पडते हे कोणी नीट तपासलेलं नाही. त्या कामाला पैसा लागतो आणि तो कोणी देत नाही.

"पैसा तं माह्यापाशी नव्हता सायेब," बाई म्हणाल्या. "साप होते. थे ठेवले."

बाजाराच्या दिवशी त्या गिऱ्हाइकांना सांगायच्या, चावलेला साप कोणी मारलाच असेल तर जाळू नका, मला द्या आणि टोपलंभर भाजी न्या. मुद्दाम साप मारलेला त्यांना खपत नसे. गेलेल्याची तेरवी झाली किंवा वाचलेला घरी आला, की त्या घरी जायच्या, एका कडेला बसायच्या आणि बारीकसारीक विचारायच्या. दारूही त्या पारखून घेत. "पयल्या धारेचीच लागते. दुसरीत सडते थो."

मी नोकरीत बरेच मोठे अधिकारी पाहिले, त्यांना सॅल्यूट ठोकले. त्या बाईसमोर मी टोपी काढून हातात धरली आणि ती कधी काढली हे मलाच कळलं नाही.

आता प्रश्न बरण्या वाचवण्याचा होता. नियमाप्रमाणे माल नष्ट झाला की बाईंची सारी वर्षं पुन्हा राख होणार होती, आणि यावेळीही कागदावर सही माझीच असणार होती. मी पोलिसाला येतं तेच केलं. पंचनामा लिहिला. प्रत्येक बरणी, प्रत्येक साप आणि प्रत्येक चिठ्ठी शब्दशः. एरवी दोन पानांत उरकणारं काम दोन दिवस चाललं. कंटाळलेला पंच म्हणाला, "सायेब, दारूच्या केसमंधी लघवी बंद झाली हे काऊन लिहून राह्यले?" मी म्हटलं, "तू सही कर." वनखात्याचे अधिकारी आले, त्यांनी चार चिठ्ठ्या वाचल्या आणि पाचवीला चष्मा काढला. माल अभ्यासासाठी द्यावा म्हणून दोघांनी मिळून न्यायालयाला अर्ज केला. न्यायाधीशांनी बाईंना समज देऊन सोडलं आणि अर्ज मंजूर केला. दारू गाळणाऱ्याला मात्र मी सोडलं नाही, त्याची भट्टी फोडली.

एका वैद्यकीय महाविद्यालयाच्या प्राध्यापक डॉक्टर बाई ठाण्यात आल्या. त्यांनी एकेक बरणी उजेडात धरून चिठ्ठीशी ताडून पाहिली. मग म्हणाल्या, "यातून विष मिळणार नाही. पण सापाची ओळख पटेल, आणि सोबत रुग्णाची हकिकत आहे. त्या बाईंनी, नमुने टिकवायला दवाखान्यात वापरतात ते फॉर्मॅलिन वापरलं असतं तर आमच्या बऱ्याच तपासण्या अडल्या असत्या. दारूनं वाचवलं."

मी विचारलं, की इतकी वर्षं हे काम का झालं नाही.

"मी निधी मागितला होता. उत्तर आलं, हा प्राधान्याचा विषय दिसत नाही, आधी आकडे दाखवा. जे आजार पैसेवाल्या माणसालाही होतात त्यांचे आकडे तयार असतात. साप चावतो निंदणाऱ्या बाईला. ती वाटेत गेली तर आमच्या दवाखान्याच्या नोंदीत येतच नाही, साहेब. ती कुठं जाते ते मला आज कळलं."

ती आमच्या बस्त्यात जात होती. लाल कापडात, सर्पदंश, मर्ग बंद. मी वरिष्ठांची परवानगी घेऊन ठाण्यातले सगळे जुने सर्पदंशाचे मर्ग त्यांच्यापुढे ठेवले. पुढच्या अर्जाला त्यांनी आमचा पंचनामा जोडला. मागितला त्याहून कमी मिळाला, पण निधी मिळाला.

औषधांचं संशोधन मोठ्या इमारतीत, पांढऱ्या कोटातल्या माणसांच्या हातून होतं असं मी समजत होतो. तिथंच होतं, खोटं नाही. पण कशावर व्हावं हे कुठंतरी आधीच ठरून गेलेलं असतं, आणि ज्याच्या मरणाची धड नोंद नाही त्याचा नंबर लागत नाही. नोंद करण्याचं काम माझं होतं. मी ते एका ओळीत उरकलं, आणि भाजी विकणाऱ्या एका आईनं ते पुरं केलं. त्यानंतर मी ज्या ज्या ठाण्यात गेलो तिथं सर्पदंशाच्या मर्गात साप कोणता, तो कुठं ठेवला, सुया किती लागल्या हे लिहायला लावलं. हाताखालचे लोक मागं मला सापवाला साहेब म्हणायचे. मला ते पदकापेक्षा कमी वाटलं नाही.

बरण्या न्यायला गाडी आली त्या दिवशी बाई ठाण्यात आल्या होत्या. त्यांनी प्रत्येक बरणी स्वतः पेंढ्यात बसवून दिली. रिकामी बरणी मात्र काखेतच ठेवली. गाडी गेल्यावर ती माझ्या टेबलावर ठेवून त्या म्हणाल्या, "हे तुमची हाय सायेब."

राग नव्हता त्यांच्या आवाजात. तो असता तर बरं झालं असतं.

आज हे लिहितानाही ती बरणी माझ्या समोर आहे. घरी येणारे विचारतात, इतकी चांगली बरणी रिकामी का ठेवली, लोणचं तरी घाला. मी फक्त बरणी वळवून चिठ्ठी त्यांच्याकडे करतो. मुलीचं नाव, वय सोळा, सुया वीस. कोणता साप, याच्यापुढची जागा कोरी आहे.